बेसबॉल: चेंडू सोडून देणारा फलंदाज इतका महाग का?

डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्क मेट्सने हुआन सोटोशी १५ वर्षांसाठी ७६.५ कोटी डॉलरचा करार केला. सोटो उत्तुंग फटके मारतोच. पण त्याची खरी ओळख आहे ती नको तो चेंडू सोडून देण्याची.

'वॉक' म्हणजे काय?

प्लेटच्या रुंदीचा आणि फलंदाजाच्या गुडघ्यापासून छातीच्या मध्यापर्यंतचा काल्पनिक चौकोन म्हणजे 'स्ट्राइक झोन'. फलंदाजाने बॅट फिरवली नाही आणि चेंडू या चौकोनाबाहेरून गेला, तर तो 'बॉल'. असे चार बॉल झाले की फलंदाज न धावता पहिल्या बेसवर जातो. हाच वॉक. तीन स्ट्राइक झाले, तर मात्र तो बाद.

फायदा काय?

नऊ डावांत संघाकडे फक्त २७ बळी असतात. वॉकमध्ये त्यातला एकही खर्च होत नाही. शिवाय पिचरला जास्त चेंडू टाकावे लागतात आणि तो लवकर थकतो. २०२४ मध्ये सोटोची फलंदाजीची सरासरी .२८८ होती. पण १२९ वॉक धरले, तर बेसवर पोहोचण्याचं प्रमाण .४१९ होतं. म्हणजे दर १०० वेळांत साधारण ४२ वेळा तो बाद न होता बेसवर पोहोचला.

हे गणित ओकलंड अ‍ॅथलेटिक्सने आधीच ओळखलं होतं. श्रीमंत संघ सरासरी बघून खेळाडू घेत असताना त्यांनी वॉक मिळवणारे, म्हणून स्वस्तात मिळणारे फलंदाज घेतले. २००२ मध्ये त्यांनी १०३ सामने जिंकले.

मग सगळेच चेंडू सोडावेत का?

नाही. वॉक म्हणजे फटका नव्हे. पहिला बेस रिकामा असेल, तर दुसऱ्या-तिसऱ्या बेसवरचे खेळाडू वॉकमुळे पुढे सरकत नाहीत. चांगला चेंडू सोडला, तर स्ट्राइक पदरी पडतो. सोटोने त्याच वर्षी ४१ होमरनही मारले. खरी शिस्त निवडीत आहे.

आता नवं काय?

२०२६ च्या मोसमापासून मेजर लीगमध्ये बॉल-स्ट्राइकच्या निर्णयाला आव्हान देता येतं. प्रत्येक संघाला दोन संधी मिळतात. आव्हान बरोबर ठरलं, तर संधी शिल्लक राहते. क्रिकेटच्या डीआरएससारखंच; पण इथे कर्णधाराशी सल्लामसलत नाही. फलंदाज, पिचर किंवा कॅचर यांनीच तत्काळ ठरवायचं. त्यामुळे चौकोन अचूक ओळखणाऱ्या फलंदाजाला आता पंचांचा चुकीचा निर्णयही फिरवता येतो.