इझुकूची आई

नववीतल्या मुलाने कार्टून बघितलं तर बिघडतं काय, हे मला कुणीतरी समजावून सांगावं. या आठवड्यात एका घरी चहाला गेले होते. मुलगा ‘माय हीरो अकॅडेमिया’चा तिसरा भाग बघत बसला होता. वडील आले आणि त्यांनी टीव्ही बंद केला. “असली मारामारी बघून सुपरहीरो होणारेस का?” मुलगा न बोलता आत गेला. माझा राग अजून उतरलेला नाही, कारण त्या भागात मारामारी जवळजवळ नाहीच.

कोहेई होरिकोशी यांची ही जपानी चित्रकथा २०१४ ते २०२४ अशी दहा वर्षं चालली. तिच्यावरची मालिका २०१६ साली सुरू झाली. त्या जगात शंभरातल्या ऐंशी जणांना कसली ना कसली शक्ती असते. इझुकू मिदोरियाला ती नाही, आणि त्याला हीरो व्हायचंय.

तिसऱ्या भागात ऑल माइट हा सर्वांत मोठा हीरो त्याला शिष्य करतो आणि नेतो कुठे, तर कचऱ्याने भरलेल्या समुद्रकिनाऱ्यावर. फ्रीज, टायर, मोडकं सामान. काही लाटांनी आणलेलं, काही लोकांनी चोरून टाकलेलं. हीरो घडवणाऱ्या शाळेच्या प्रवेशपरीक्षेला दहा महिने आहेत, तोवर हे उचल, म्हणतो. तो आपली शक्ती इझुकूला देणार आहे, आणि ती पेलायला आधी शरीर घडायला हवं, हे आहेच. पण हीरोचं काम मुळात लोकसेवेचं, हेही तो बजावतो. परीक्षेच्या दिवशी पहाटे पाहावं तर पोराने नेमून दिलेल्या हद्दीपलीकडचा किनाराही साफ केलेला! मुलांनी हे बघू नये?

खरं तर मला बोलायचंय ते त्याच्या आईबद्दल. पहिल्या भागात चार वर्षांच्या इझुकूला डॉक्टर सांगतात, तुला शक्ती येणार नाही. घरी तो संगणकावर ऑल माइटचा आवडता व्हिडिओ लावतो आणि डोळ्यांत पाणी आणून आईला विचारतो, मलाही होता येईल का? आई त्याला कवटाळते, रडते, माफी मागते. मायेत कुठेच कमी नाही. पण त्याला जे ऐकायचं होतं ते ती बोलत नाही. दहा वर्षांनी एक परका माणूस, ऑल माइट, ते बोलतो, तेव्हा पोरगा भररस्त्यात गुडघ्यांवर कोसळतो.

मी तिला दोष देत नाही. लेकराला खोटी आशा लावायची भीती कुठल्या आईला नसते? ऑल माइटनेही आधी ‘नाही’च म्हटलं होतं. मग त्याने डोळ्यांनी पाहिलं: वर्षानुवर्षं छळणारा वर्गमित्र संकटात सापडला, तेव्हा मोठमोठे हीरो थबकले आणि हा निःशस्त्र पोरगा धावला. तेवढ्यावर त्याने मत बदललं. आपण मुलांना ‘नाही’ म्हणतो ते बहुतेकदा त्यांच्याकडे न बघताच. माझा आक्षेप आहे तो यालाच. काळजीपोटी म्हटलं म्हणून तो ‘नाही’ कमी लागत नाही.

पहिले चार भाग मिळून दीड तासाचे आहेत. या रविवारी मुलांसोबत बसून बघा, आणि इझुकूच्या आईने काय म्हणायला हवं होतं, ते आधी त्यांना विचारा.