डास अडवणारी जाळी आणि हात अडवणारी जाळी

घरफोडी झालेल्या घरात पंचनामा आटोपून पोलीस निघून गेले, की मागे जे उरते ते गेलेल्या ऐवजाच्या यादीत कोठेच नोंदले जात नाही. कपाटातील साड्या जमिनीवर पसरलेल्या असतात, देवघराचा खणही उपसलेला असतो आणि गृहिणीला आपल्याच वस्तूंना हात लावावासा वाटत नाही. दागिने पुन्हा घडवता येतात. परंतु रात्री मागील खोलीत भांडे वाजले की छातीत होणारी धडधड कित्येक महिने जात नाही.

गेल्या चातुर्मासात आमच्या परिचयातील एका व्यापारी कुटुंबावर हा प्रसंग ओढवला. खाली दुकान व वर बिऱ्हाड अशी जुन्या पेठेतील त्यांची वास्तू. पर्युषणाचे दिवस होते. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपून सर्व मंडळी प्रतिक्रमणास गेलेली. घरात पुढील खोलीत केवळ वृद्ध आजी निजल्या होत्या. (आपला दिनक्रम इतका ठरलेला असतो, की बाहेर टपून बसणाऱ्यास घड्याळाचीही गरज पडत नाही.) पुढील दाराची दोन्ही कुलपे शेवटपर्यंत शाबूत राहिली. चोर आला तो मागील गॅलरीतून. आजींना वारा लागावा म्हणून तेथील लाकडी दार उघडे ठेवून फक्त जाळीच्या दाराची कडी लावलेली होती. त्याने पात्याने जाळीचा एक कोपरा कापला, हात आत घातला आणि कडी काढली. आजींना जाग आली नाही, हे त्या रात्रीचे एकमेव सुदैव.

या युक्तीत नवे काहीच नाही. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलम ४४५ मध्ये घरफोडीची व्याख्या करताना जी उदाहरणे दिली होती, त्यांतील एक असे होते : दाराच्या भोकातून तार आत घालून कडी उचलून कोणी घरात शिरला, तर ती घरफोडी होय. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. परंतु भोकाजवळची कडी मात्र आपल्या घरांत अद्याप तशीच आहे.

जाळी या एका शब्दाने आपली फसगत होते. डासांसाठी बसवतात ती जाळी बहुधा फायबरग्लासची असते, म्हणजे काचतंतूंवर प्लॅस्टिकचा मुलामा. भाजी चिरण्याच्या सुरीनेही ती कापली जाते. वेल्क्रोच्या पट्टीने चिकटवलेली असेल, तर सुरीचीही आवश्यकता नाही. हाताने ओढली की सुटते. ॲल्युमिनियमची जाळी थोडी बरी, पण दाबली की वाकते. पोलादी म्हणून विकली जाणारी बारीक जाळीही पुष्कळदा इतक्या पातळ तारेची असते, की पत्रा कापण्याच्या कात्रीपुढे तिचा निभाव लागत नाही.

म्हणून ही जाळी काढून टाकावी असे मात्र नव्हे. पावसाळ्यात दिव्याकडे झेपावणारे असंख्य जीव बाहेरच राहावेत आणि औषधे फवारून त्यांचा घात करण्याची वेळ येऊ नये, यासाठी आपल्या घरांत तिचे स्थान आहेच. तिच्याकडून चोर अडवण्याची अपेक्षा धरू नये, इतकेच.

हात अडवणारी जाळी निराळी असते. ती स्टेनलेस स्टीलच्या सुमारे ०.८ मिलीमीटर जाडीच्या तारेने घट्ट विणलेली असते. तिच्यातून वारा येतो, प्रकाश येतो, डास येत नाही आणि पाते चालत नाही. ऑस्ट्रेलियात अशा दारांचा व खिडक्यांचा प्रघात मोठा असून त्यांसाठी ए. एस. ५०३९ हे स्वतंत्र मानक आहे. त्यानुसार जाळी सुरीने कापून पाहतात, कटावणीने चौकट उचकटून पाहतात आणि वजनाचे धक्के वारंवार देऊन ती निखळते का हे तपासतात. आपल्याकडे विक्रेता ‘सिक्युरिटी मेश’ असा शब्द सहज उच्चारतो. तेव्हा तारेची जाडी किती, धातूची प्रत कोणती आणि चाचणीचा कागद आहे काय, हे तीन प्रश्न विचारण्यात संकोच करू नये. दुकानात माल घेताना आपण नमुना पारखूनच घेतो, मग घराच्या दाराचा माल न पारखता का घ्यावा? मुंबई, रत्नागिरी अशा समुद्रकाठच्या गावी ३०४ ऐवजी ३१६ प्रतीचे पोलाद मागावे. त्यात मॉलिब्डेनम असल्याने खाऱ्या हवेत ते अधिक टिकते.

तथापि जाळी कितीही भक्कम असो, ती चौकटीत कशी धरली आहे यावर सारे अवलंबून असते. साध्या चौकटीत जाळीची कड खाचेत बसवून वरून रबराची दोरी दाबतात. ती दोरी बाहेरच्या बाजूला असेल, तर नखानेही ओढून काढता येते. मजबूत चौकटीत जाळी पट्टीखाली आवळून स्क्रूने कसलेली असते आणि ते स्क्रू बाहेरून दिसत नाहीत. चौकट भिंतीत धरणारे बोल्ट गिलाव्यात न थांबता विटेत खोलवर गेले पाहिजेत. अन्यथा कटावणीच्या एका झटक्यात दार, चौकट व जाळी एकसंधपणे हातात येतात. दार बाहेर उघडणारे असेल, तर बिजागऱ्यांच्या कांड्याही बाहेरच राहतात, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. त्या ठोकून काढता येणार नाहीत अशा बिजागऱ्या घ्याव्यात.

खिडक्यांपैकी सर्वांत दुर्लक्षित ती स्नानगृहाची. तिच्या झडपेच्या काचा ॲल्युमिनियमच्या चिमट्यांत नुसत्या अडकवलेल्या असतात. चिमटा वाकवला की एकेक काच सरकवून काढता येते. तेथे आतून गज अथवा ग्रिल हवेच. सरकत्या खिडकीचे तावदान वर उचलून रुळातून बाहेर काढता येते का, हे स्वतः करून पाहावे. येत असेल तर वरच्या खाचेत अटकाव बसवून घ्यावा. जुन्या वाड्यांच्या खिडक्यांचे उभे गज अद्याप सुंदर दिसतात, परंतु मोटारीचा जॅक लावला की ते फाकतात. आडव्या लोखंडी पट्टीला भोके पाडून त्यांतून गज ओवून घेतल्यास हे काम बरेच अवघड होते. जुन्या दारांचा अडसर, म्हणजे भिंतीत सरकणारे ते जाड लाकूड, ज्यांच्या घरी अजून आहे त्यांनी तो शोभेची वस्तू समजू नये. त्याच्या आसपास भोक नसते आणि बाहेरून हात पोहोचत नाही. आधुनिक कुलपांपैकी कित्येकांबद्दल हे म्हणता येणार नाही.

आता ज्यासाठी लेखणी उचलली तो मुद्दा. घरफोडीनंतर मन धास्तावते आणि घर बंदिस्त करण्याचा सपाटा सुरू होतो. प्रत्येक खिडकीला जोडकाम केलेली जाडजूड ग्रिल, गॅलरीला पिंजरा, गच्चीच्या दाराला कुलूप आणि त्याची किल्ली घरधन्याच्या खिशात. चोर आत येऊ शकत नाही, हे खरे. पण आतील माणूसही बाहेर पडू शकत नाही. खाली कापडाचे, कागदाचे वा प्लॅस्टिकचे दुकान आणि वर बिऱ्हाड अशी स्थिती असेल, तर याचा अर्थ फार भयंकर आहे. खाली शॉर्टसर्किट झाले की धूर जिन्यानेच वर येतो; जिना हाच मार्ग बंद होतो आणि उरते ती खिडकी. ती खिडकी जोडकामाने कायमची बंद असेल, तर अग्निशमन दलाची शिडी येऊनही ग्रिल कापण्यात मिनिटे जातात. गेलेले सोने आणि ही मिनिटे यांची तुलना होऊ शकत नाही.

म्हणून प्रत्येक मजल्यावर, शक्यतो जिन्यापासून दूरच्या बाजूस, निदान एका ग्रिलला किंवा पोलादी जाळीच्या खिडकीला बिजागरीचे झडप असावे. त्यातून मोठा माणूस सहज बाहेर पडू शकला पाहिजे. आतून किल्लीविना उघडणारी कडी सर्वोत्तम, मात्र ती भक्कम जाळीच्या किंवा सलग पत्र्याच्या आड हवी. कुलूपच लावायचे असल्यास किल्ली त्याच खोलीत ठरलेल्या खिळ्याला असावी. बाहेरून घातलेला हात तेथे पोहोचू नये आणि घरातील लहानमोठ्या प्रत्येकास ती जागा ठाऊक असावी. दिवे घालवून आजी-आजोबांना एकदा ती कडी उघडावयास सांगावे. त्यांना ती उघडता आली नाही तर कडी बदलावी.

ज्यांच्याकडे दुर्दैवाने चोरी झालीच आहे, त्यांनी कापलेली जाळी लगेच काढून टाकू नये. पोलिसांनी ठसे घेईपर्यंत तिला स्पर्श करू नये, छायाचित्रे काढून ठेवावीत. विमा असेल तर बळाने प्रवेश झाल्याचा तोच पुरावा असतो. प्रथम खबरीची प्रत तक्रारदाराला विनामूल्य मिळते, ती मागून घ्यावी. आणि घरात काम करणाऱ्या बाईचे नाव पुराव्याविना तोंडावर येऊ देऊ नये. पहिला संशय तिच्यावरच जातो, पुढे खरा चोर सापडला तरी गल्लीत तिचे नाव डागाळलेलेच राहते. वर सांगितलेल्या कुटुंबातही दोन दिवस तशी कुजबुज झाली होती. शेजारच्या गच्चीवर उभे राहून पाहिल्यावर ते उघडे दार आणि ती कडी कोणालाही स्पष्ट दिसते, हे लक्षात आले तेव्हा ती थांबली.

नवे काम करवून घेतल्यावर कारागिराचा हिशेब चुकता करण्यापूर्वी त्यालाच बाहेर उभे करावे, दार आतून लावून घ्यावे आणि केवळ एक स्क्रूड्रायव्हर हातात देऊन आत येण्यास सांगावे. आपल्या कामातील कच्चे दुवे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नसतात.