हेडसेटला पेरे नसतात



रेल्वेडब्यातील व्हीलचेअरची जागा संगणकावर आखून आभासी वास्तवात तपासली की लाकडी नमुन्याची गरजच उरत नाही, हे गेल्या अंकातील पत्रलेखकांचे म्हणणे पटले नाही.

फायदा आहेच. बसलेल्या माणसाच्या नजरेतून डबा पाहिला की मदतीचे बटण घडीच्या टेबलामागे दडलेले लगेच दिसते; उभ्याने आराखडा तपासणाऱ्याच्या ते गावीही नसते. पण युरोपीय मानकात खुर्ची ७०० मिलिमीटर रुंद धरतात आणि चाक फिरवणाऱ्या हातांसाठी दोन्ही बाजूंना ५०-५० मिलिमीटर जादा सोडतात. पडद्यावर ही जागा ऐसपैस वाटते. गाडी सांधा बदलताना हिसका देते तेव्हा बोटांची पेरे पार्टिशनवर सोलवटून निघतात. हेडसेटला ना पेरे, ना हिसका! त्यात चाचणीला धडधाकट अभियंता बसला, तर वळताना तो नकळत पाय आखडून घेणार.



तेव्हा प्लायवूडचा नमुना मोडीत काढू नये. रोज खुर्ची चालवणाऱ्यांना त्यात वळून पाहू द्यावे, आणि तेही टेबल कुठे बसवायचे हे ठरण्याआधी.

– एक व्हीलचेअरधारक वाचक, ठाणे