परवा पाहिला, कसा वाटला?

वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावर आजही पर्यटक ‘स्वदेस’मधली जागा शोधत येतात. २००४ साली हाच सिनेमा तिकीटबारीवर फारसा चालला नव्हता. तेव्हा ‘लांबलाय फार’ म्हणून उठलेली माणसं आता घरातल्या पोरांना तो आवर्जून दाखवतात. दहापैकी पाच मिळालेल्या सिनेमाला वीस वर्षांनी नऊ का मिळतात, या कुतूहलातून हा अंक निघाला.

‘तुंबाड’चंही तसंच. २०१८मध्ये थोडक्यांनी पाहिला. २०२४मध्ये पुन्हा लागला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त गल्ला जमला. ‘बघच एकदा’ असं एकानं दुसऱ्याला सांगत राहण्याचा त्यात मोठा वाटा होता.

आता शुक्रवारी दुपारीच मोबाईलवर तारे वाटून होतात. सांगलीत मॅटिनी सुटायच्या आत सिनेमाचा निकाल लागलेला! (तारे देणारे सगळेच सिनेमा बघतात, असं आम्हाला वाटत नाही.) म्हणून या वेळी समीक्षकांना सुट्टी दिली. सातारा-सांगलीकडच्या प्रेक्षकांनीच नुकत्याच पाहिलेल्या सिनेमांना दहापैकी गुण दिलेत, कारणांसकट. काही मतं आम्हाला अजिबात पटली नाहीत; तीही जशीच्या तशी छापली आहेत.

तुम्हीही लिहा. गुण सढळ हातानं द्या नाहीतर हात आखडून, पण कुठल्या प्रसंगाला कापले ते सांगा. ‘टाइमपास आहे’ एवढ्यावर सुटका नाही.