एक जानेवारीच्या पंगतीत सिद्दी कुठाय?

दरवर्षी ३१ डिसेंबरच्या रात्री आमच्या फुलपाड्यातनं गाड्या निघतात. निळे झेंडे, फ्लेक्स, पुऱ्या-भाजीची पार्सलं. विरारहून घाट चढून भीमा कोरेगाव. १ जानेवारी १८१८ ही तारीख आपल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब त्या स्तंभापुढे उभे राहिले, तेही पाठ आहे. पाठच पाहिजे. माझा सवाल दुसरा आहे. ह्याच एक जानेवारीला दुनियेत आणखी कोण साखळदंड तोडून उभं राहिलं, हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक?

हैती नावाचा देश आहे. वेस्ट इंडीजच्या बेटांतला. तिथं उसाच्या मळ्यांत आफ्रिकेतून ओढून आणलेली माणसं फ्रेंच मालकांसाठी मरेस्तोवर राबत. १७९१ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी मळे पेटवले. तूसाँ लूव्हेर्त्युर नावाचा एकेकाळचा गुलाम त्यांचा सेनापती झाला. नेपोलियनच्या माणसांनी त्याला बोलणी करायला बोलावून दग्यानं पकडला, फ्रान्सच्या थंड किल्ल्यात डांबला, तिथंच तो १८०३ मध्ये मेला. पण लढाई मेली नाही. नेपोलियनची फौज हरली आणि १ जानेवारी १८०४ ला देसालीननं हैती स्वतंत्र झाल्याचं जाहीर केलं. गुलामांनी स्वतःच्या मनगटावर उभा केलेला देश.

दर एक जानेवारीला हैतीतल्या घराघरांत भोपळ्याचं सूप शिजतं. का? तर हे सूप मालकांच्या टेबलावर जायचं, शिजवणाऱ्या गुलामाला त्याचा घोट नव्हता असं तिथली माणसं सांगतात. म्हणून स्वातंत्र्याच्या दिवशी सगळ्यांनी तेच प्यायचं. शेजाऱ्याला द्यायचं. परदेशात गेलेला हैतीचा माणूससुद्धा त्या दिवशी भोपळा शोधत फिरतो. २०२१ मध्ये युनेस्कोनं त्या सुपाची नोंद घेतली. महाडच्या तळ्याचं पाणी ज्यांनी ओंजळीत घेतलं त्यांच्या पोरांना ह्या सुपाचा अर्थ फोडून सांगायची गरज नाही.

आणि फ्रान्सनं काय केलं? १८२५ मध्ये लढाऊ जहाजं पाठवून सांगितलं, आमचे गुलाम गेले त्याची भरपाई द्या. पंधरा कोटी फ्रँक. पुढे ती रक्कम उतरवली, तरी तिच्या कर्जाखाली त्या देशाच्या पिढ्या गाडल्या गेल्या. गुलामानंच स्वतःची किंमत मालकाला मोजायची. आपल्याकडचा सावकार ह्याहून वेगळं काय करत होता?

इंग्रजांच्या बेटांचा दिवस १ ऑगस्टचा. ज्या बेटांचे सोबर्स आणि रिचर्ड्स आपल्या बापांच्या तोंडी असायचे, ती ही बेटं. १ ऑगस्ट १८३४ ला कायद्यानं गुलामी संपली. पण 'उमेदवारी' नावाखाली तीच माणसं त्याच मळ्यांत आणखी चार वर्षं राबवली. खरी सुटका १ ऑगस्ट १८३८ ची. ब्रिटिश सरकारनं दोन कोटी पौंड भरपाई दिली, ती मालकांना. राबणाऱ्याच्या हातावर दमडी नाही. त्यासाठी काढलेलं कर्ज फिटलं २०१५ मध्ये! म्हणजे लंडनमधल्या काळ्या मजुराच्या पगारातनंही गुलामांच्या मालकांचे पैसे फेडले गेले.

पण मला सांगायचंय ते पुढचं. जमेकात १ ऑगस्ट सुट्टीचा दिवस होता. १९६२ मध्ये देश स्वतंत्र झाला आणि राज्यकर्त्यांनी ही सुट्टी काढून टाकली. म्हणाले, आता स्वातंत्र्यदिन आहे ना, तो पुरे. लोकांना तो पुरला नाही. १९९७ मध्ये मुक्तिदिन परत मिळवला. त्रिनिदादमध्ये कोलंबस आल्याचा दिवस साजरा होत असे. १९८५ मध्ये तो हटवून त्याजागी १ ऑगस्टचा मुक्तिदिन आणला. तेव्हापासून त्या दिवशी ढोल वाजतात, आफ्रिकेच्या कापडाचे झगे घालून माणसं रस्त्यावर उतरतात, मशाली घेऊन चालतात. ज्या आफ्रिकेची लाज वाटायला शिकवलं होतं, तिचं नाव छातीवर लावून चालतात. झेंड्याचं स्वातंत्र्य वेगळं आणि माणसाचं वेगळं, हे त्यांना कळलं. १९७२ च्या ऑगस्टात राजा ढालेंनी 'साधने'त स्वातंत्र्यदिनाला काळा म्हटलं तेव्हा साऱ्या महाराष्ट्राच्या अंगाची आग झाली होती, ती ह्याच गोष्टीपायी.

आता आपल्याकडचं बघा. ज्या कायद्यानं वेस्ट इंडीजचे गुलाम सुटले, त्याच कायद्यात एक कलम होतं: ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख वगळून. म्हणजे इथले गुलाम इथंच राहू द्या. मग ७ एप्रिल १८४३ चा कायदा आला. तो म्हणाला, गुलामावरची मालकी कोर्ट मानणार नाही. बस्स. कुणाला उठवून 'जा, तू मोकळा' असं म्हटलं नाही. गुलाम ठेवणं हा गुन्हा ठरला भारतीय दंड संहितेनं, आणि ती लागू झाली १ जानेवारी १८६२ ला. परत एक जानेवारी! ती संहिता २०२४ मध्ये जाऊन तिथं नवी आली. मधल्या एकशेबासष्ट वर्षांत ह्या देशात कुणी ह्या तारखेला एक पणती लावली? शाळेत एक ओळ शिकवली?

नाही. कारण शिकवायचं म्हटलं तर मालकाचं नाव सांगावं लागतं. हैतीत मालक गोरा होता, जहाजातनं आला होता, हाकलला की गेला. इथला मालक कुठं जाणार? तो त्याच वाड्यात आहे, देवळाच्या ट्रस्टवर आहे, शिक्षणसंस्थेचा चेअरमन आहे. जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिली आणि गुलामी मोडणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली, ती ह्याच मालकाचं नाव सांगण्यासाठी.

आमच्या वसईचंच घ्या. १५३४ ते १७३९ पोर्तुगीज इथे होते. त्यांच्या फिदालगोंच्या हवेल्यांत आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आणलेले गुलाम पाणी भरत, पालख्या उचलत. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पानं किल्ला घेतला. त्याचा उत्सव होतो, भाषणं होतात, वसई मुक्त झाली म्हणतात. मी विचारतो, कोण मुक्त झालं? पेशवाईच्या स्वतःच्या दप्तरात कुणबिणी आहेत. शिंदळकीचा आरोप ठेवून सरकारजमा केलेल्या बाया, कोठारांत आणि पागांत राबवलेल्या, विकलेल्या, बक्षीस दिलेल्या. वसईच्या तटावर झेंडा बदलला, पालखी उचलणारा खांदा तोच राहिला. त्या गुलामांचं किल्ल्यात कुठं नाव आहे का ते मी शोधलं. गोऱ्या सरदारांच्या थडग्यांवरचे दगड तेवढे आहेत.

इथवर टाळ्या मिळतील मला ठाऊक आहे. कारण इथवर शिव्या दुसऱ्याला आहेत. आता आपल्याकडे वळू.

आपण ऑकलंडच्या ब्लॅक पँथरकडून नाव घेतलं. १९७२ ची ती छलांग होती. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डू बॉइसना पत्र लिहिलं होतं. आपल्या पोरांच्या टी-शर्टवर माल्कम एक्स आहे. सातासमुद्रापल्याडचा काळा माणूस आपला भाऊ. आणि महाराष्ट्रातला? चारशे वर्षं ह्या मातीत मिसळलेला सिद्दी? तो आपल्या कुठल्या स्टेजवर कधी बसला?

मलिक अंबर घ्या. इथिओपियात १५४८ च्या सुमारास जन्मलेला पोर. बापापासून तोडलेला, ह्या बाजारातनं त्या बाजारात विकलेला, शेवटी दख्खनमध्ये आलेला. त्यानं निजामशाही उभी धरली, मोगलांना गनिमी काव्यानं हैराण केलं, जमिनीची मोजणी करून सारा बांधून दिला, खडकी वसवली. तीच पुढे औरंगाबाद झाली, आज छत्रपती संभाजीनगर आहे. त्याच शहरात बाबासाहेबांनी मिलिंद कॉलेज काढलं. तिथं शिकलेल्या आपल्या किती लेखकांनी शेजारच्या खुलताबादला जाऊन अंबरच्या कबरीवर फूल वाहिलं?

नाशिक घ्या. काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० चा, ते आपलं नाशिक. त्याच नाशकात शरणपूरला त्याआधी साठ-सत्तर वर्षं आफ्रिकी मुलं शिकत होती. अरबी गलबतांतनं इंग्रज नौदलानं सोडवलेली, मुंबईत उतरवलेली, मिशनऱ्यांनी नाशकात आणलेली. लोहारकाम, सुतारकाम, लिहिणं-वाचणं. त्यातला एक जेकब वेनराइट. १८७३ मध्ये लिव्हिंगस्टन आफ्रिकेच्या जंगलात मेला, तेव्हा त्याचं प्रेत महिनोन्महिने चालून किनाऱ्यावर आणणाऱ्यांत तो होता. ते प्रेत घेऊन तो लंडनपर्यंत गेला. पुस्तकांत नाव मोठं झालं लिव्हिंगस्टनचं. खांदा देणारा आपल्या नाशकात शिकला होता, हे नाशिककरालाही ठाऊक नाही.

आणि गोदी. मी इंदिरा डॉकमध्ये कंत्राटी आहे. ग्रीन गेटमधनं आत जातो, स्टीलच्या कॉइलला साखळी लावतो, पाळी संपली की विरार लोकल. आज मी जिथं उभा राहतो त्या बंदरात वाफेच्या जहाजांच्या काळात सिद्दी आगवाले होते. बॉयलरपुढे कोळसा मारणारे. जिथं गोऱ्याचा जीव गुदमरायचा तिथं सिद्दीला उतरवत. इंग्रजी आरमारानंही त्यांना ह्याच कामाला ठेवलं. गोदी कामगारांच्या संपांवर आपण पोवाडे गातो, त्यात ह्या आगवाल्यांचं नाव मी अजून ऐकलं नाही.

गेल्या जयंतीच्या आधी आमच्या गल्लीच्या कमिटीत मी बोललो, की ह्या वेळी डीजेचे पैसे वाचवू, सिद्द्यांचं ढोलपथक आणू, मलिक अंबरचा एक फोटो लावू. एक जण हसला. म्हणाला, 'हबशी कशाला नाचवायचे आपल्या बापाच्या जयंतीला?' बाकीचे पण हसले. ठराव पडला. डीजे आला, त्याचे पैसे कुठनं आले ते बॅनरवरच्या चेहऱ्यांवरून कळत होतं.

हबशी. हा शब्द आपल्या तोंडून येतो. ज्यांच्या जातीचं नाव गावानं शिवीसारखं वापरलं, त्यांच्या तोंडून! आणि हे गमतीवर थांबत नाही. शेजारी नालासोपाऱ्यात नायजेरियाची माणसं राहतात. त्यातल्या काहींवर नशेच्या मालाचे गुन्हे झाले, हे खरं. म्हणून काळा दिसला की खोली नाही, रिक्षा नाही, बिल्डिंगच्या पोरांनी घोळका करायचा. सोसायटीच्या त्या घोळक्यात जयभीमवाली पोरं नसतात, असं छातीवर हात ठेवून म्हणा. १८७१ मध्ये इंग्रजांनी कायदा करून आपल्या पारधी-कैकाड्यांना जन्मानं गुन्हेगार ठरवलं होतं. १९५२ पर्यंत तो कायदा होता. काही जणांचा गुन्हा आणि सगळ्या जमातीला हजेरी, हे गणित कुणी मांडलं होतं ते आपल्याला शिकवायला पाहिजे का?

एक जण म्हणेल, सिद्दी म्हणजे जंजिऱ्याचा नवाब, त्याच्याशी आपलं काय? बरं. नवाब १९४८ मध्ये गेला. नवाबाचा सिद्दी आणि बॉयलरपुढचा सिद्दी एक नव्हेत. आपल्यातले मंत्री आणि नाल्यात उतरणारा आपला माणूस एक आहेत का? कारवार जिल्ह्यातल्या यल्लापूर-हल्याळच्या रानात जाऊन बघा. गोव्याच्या पोर्तुगीजांकडनं पळालेल्यांची लेकरं तिथं कोकणी बोलतात, दुसऱ्याच्या शेतावर राबतात. अनुसूचित जमातीत नाव लागायला २००३ उजाडलं. त्यांचा पहिला माणूस कर्नाटकच्या विधान परिषदेत बसला २०२० मध्ये, तोही नेमलेला.

दुसरा म्हणेल, आधी आपलं बघू. अरे, हेच तर लाल झेंडेवाले आपल्या बापांना सांगत होते: आधी वर्गाचं बघू, मग जातीचं. तेव्हा आपण उठून गेलो. आता तेच वाक्य आपण सिद्द्याला सांगायचं?

तर येत्या एक जानेवारीला फुलपाड्याची एक गाडी वेगळी निघेल. कोरेगावात पुस्तकांच्या स्टॉलशेजारी एक चूल मांडू आणि लाल भोपळ्याचं सूप वाटू. मागे एक फळा: हैती १८०४, कोरेगाव १८१८, दंड संहिता १८६२. शेजारी अंबर आणि वेनराइट. सिद्दी पोरांना ढोल घेऊन बोलवू, जायचं-यायचं भाडं आपलं. नालासोपाऱ्यातल्या माणसांनाही विचारू, येता का. येतील की नाही माहीत नाही. आपण कधी विचारलंय कुठं?

कमिटीची परवानगी मागणार नाही. मोठं पातेलं आमच्या गल्लीतल्या मांडववाल्याकडे ठरवलंय. भोपळे विरारच्या बाजारातनं मी आणतो. सरपणाला चार जणांनी शंभर-शंभर काढा. निरोप घेऊन नालासोपाऱ्याला जायला दोघं-तिघं पाहिजेत, त्यात इंग्रजी बोलणारा एक तरी पाहिजे. माझी पाळी चारला सुटते, साडेसहाला पापडखिंडीच्या बांधावर भेटा.