तोफेचा आवाज

डोंगरावर जाताना मोबाइल बरोबर न्यावा की नाही, हा वाद आमच्या घरी दर हिवाळ्यात निघतो. बाजाराचा गोंगाट नको म्हणून रानात जायचे आणि तो बाजारच खिशात घालून न्यायचा, यात शहाणपण कोणते, असे माझे म्हणणे. आमच्या सौभाग्यवती वाद घालीत नाहीत. माझ्या पिशवीत मोबाइल टाकून मोकळ्या होतात.

गेल्या पौषात कामणदुर्गाचा बेत ठरला. वसईच्या पूर्वेचा हा डोंगर दोन हजार फुटांहून उंच; अंगावर दाट रान आणि माथ्यावर खडकात खोदलेली पाण्याची टाकी. निघताना मी मोबाइल हळूच पिशवीतून काढला आणि कपाटात ज्ञानेश्वरीमागे ठेवला. बरोबर येणाऱ्या सहकाऱ्यालाही उपदेश करून त्याचा घरीच ठेवायला लावला होता.

चढण मोठ्या सुखाची झाली. ना घंटी, ना कोणाचे सुप्रभात! उतरताना मात्र गुरांच्या वाटेला आम्ही आपली वाट समजलो आणि एका कोरड्या ओढ्यात येऊन थांबलो. दिवस मावळला. सुदैवाने चुकलेली गाय शोधीत एक वारली गडी तेथे आला आणि त्याने आम्हांला पाड्यापर्यंत आणून सोडले. तेथे सदऱ्याच्या खिशातून मोबाइल काढून तो म्हणाला, "मास्तर, घरी सांगा. वाट बघत असतील."

मी मोबाइल हातात घेतला आणि तसाच उभा राहिलो. वाचकहो, मोरोपंतांच्या शेकडो आर्या मला मुखोद्गत आहेत. पण बायकोचा नंबर पाठ नव्हता! सहकाऱ्याचीही तीच गत.

घरी पोचायला साडेदहा वाजले. दार सताड उघडे होते. कोणी रागावले नाही, हेच जास्त लागले. थोड्या वेळाने आई एवढेच म्हणाली, "अरे, सूनबाई तुला फोन लावायची आणि घंटी आपल्याच कपाटातून ऐकू यायची."

त्या रात्री मला झोप लागली नाही. सन १६६० मधला तो आषाढ आठवत राहिला. महाराज विशाळगडाकडे निघालेले, बाजीप्रभू खिंड अडवून उभे. आणि गडावरून तोफेचे आवाज आले तेव्हाच त्यांनी प्राण सोडला, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्या तोफांचा निरोप केवढा? 'पोहोचलो.' आमच्या घरीही कोणी तरी त्याच एका शब्दासाठी दाराशी उभे होते.

मोबाइल म्हणजे सर्वस्वी तारणहार, असेही नव्हे. घळीत रेंज नसते. आपल्या कंपनीची नसली आणि दुसऱ्या एखाद्या कंपनीची असली, तर ११२ हा मदतीचा नंबर लागू शकतो. कोणाचीच नसेल तर काहीच लागत नाही. क्षीण रेंज शोधता शोधता बॅटरीही लवकर उतरते. आधी उतरवून घेतलेला नकाशा मात्र रेंजवाचूनही आपण कोठे आहोत हे दाखवतो, कारण ती खूण उपग्रहांकडून येते. म्हणून मोबाइल न्यावा, पण बंद करून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून पिशवीच्या तळाशी ठेवावा. माथ्यावर एक निरोप, पायथ्याला एक. मध्ये रानाचेच ऐकावे. आणि कोणत्या वाटेने जाणार, किती वाजता परतणार, हे कागदावर लिहून घरी ठेवावे. पायथ्याच्या पाड्यातही सांगून जावे. रेंज गेली तरी माणसे असतातच.

यंदा पुन्हा कामणदुर्गाला जायचे आहे. नंबर आता पाठ आहे. तरीही निघण्यापूर्वी उंबरठ्यावर तोंडी परीक्षा होणार, असे आमच्या सौभाग्यवतींनी जाहीर केले आहे; आणि परीक्षक म्हणून आईची नेमणूक झाली आहे.