‘देवमाणूस’ पाहिला, हरवलेल्या बाईचं काय?

३१ ऑगस्ट २०२० ला झी मराठीवर ‘देवमाणूस’ सुरू झाली आणि आमच्या नरखेड तालुक्यातही रात्री साडेदहाला टीव्हीसमोरून कोणी हलेना. किरण गायकवाडने रंगवलेला तो बोगस डॉक्टर, त्याचं गोड बोलणं, एकेका बाईला जाळ्यात ओढणं, मग अटक, मग कोर्ट. डिसेंबर २०२१ मध्ये दुसरा भाग आला, २०२५ मध्ये तिसरा. म्हणजे लोकांचं मन काही भरलेलं नाही!

मालिका ज्यावरून सुचली ती घटना सातारा जिल्ह्यातल्या वाईची. ऑगस्ट २०१६ मध्ये संतोष पोळ नावाच्या ‘डॉक्टर’ला पोलिसांनी पकडलं. २००३ ते २०१६ या काळात सहा खून केल्याचा त्याच्यावर आरोप ठेवला गेला. त्या सहांपैकी पाच बाया होत्या. धोम गावच्या त्याच्या फार्महाऊसच्या आवारातून पुरलेले मृतदेह उकरून काढले. सोबतची नर्स माफीची साक्षीदार झाली. सरकारतर्फे उज्ज्वल निकम उभे राहिले. मालिकेतलं कोर्ट काही भागांत उरकतं. खऱ्या कोर्टात मात्र वर्षामागून वर्षं तारखा पडत राहिल्या.

आमच्या बचतगटात या मालिकेची चर्चा निघाली की बाया म्हणायच्या, “मोठा हुशार होता बाई तो!” मला ही हुशारीची गोष्ट पटत नाही. तेरा वर्षं एकट्या हुशारीवर निघत नाहीत. त्याला आपली एक सवयही उपयोगी पडते. बाई घरून गेली की दुसऱ्या दिवशी गावात कारण तयार असतं, “गेली असंन कोनासंगं!” पुरुष हरवला तर घात-अपघाताची शंका येते आणि बाई हरवली तर तिच्या चारित्र्याची. घरचे लाजेने गप्प बसतात. ठाण्यात ‘मिसिंग’ची नोंद होते आणि कागद फायलीत पडून राहतो. मारणाऱ्याला याहून जास्त काय पाहिजे?

वाईची शेवटची बाई अंगणवाडी सेविकांच्या संघटनेची अध्यक्ष होती. जून २०१६ मध्ये ती बेपत्ता झाली. घरच्यांनी तक्रार दिली, फोनच्या नोंदी तपासल्या गेल्या आणि दोन महिन्यांत सारं उघडं पडलं. दहा ठिकाणी उठबस असलेली बाई गायब झाली की विचारणारे दहाजण निघतात. संत्र्याच्या बागेत मजुरीला जाणाऱ्या एकट्या बाईसाठी कोण विचारणार?

बायांचं ऐकलं नाही तर काय होतं, ते आपल्या नागपूरने पाहिलंय. कस्तुरबानगरात अक्कू यादवची दहशत वर्षानुवर्षं चालली. अखेर १३ ऑगस्ट २००४ रोजी भर कोर्टात जमावाने त्याला ठार केलं. त्यावरही २०२२ मध्ये नेटफ्लिक्सवर मालिका आली. तो न्याय नव्हता, पण वेळेवर न्याय न मिळाल्याचं ते फळ होतं.

म्हणून मालिका पाहा, पण इतकं ध्यानात ठेवा. हरवल्याची तक्रार द्यायला चोवीस तास थांबा, असा कोणताही कायदा नाही. हद्दीचं कारण सांगून ठाण्याला परत पाठवता येत नाही. अठरा वर्षांखालची मुलगी हरवली तर अपहरणाचाच गुन्हा नोंदवायचा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच सांगितलं आहे. तक्रारीची प्रत मागून घ्या. ११२ आणि १८१ हे नंबर भिंतीवर लिहून ठेवा. दवाखान्यात सुई घेण्याआधी डॉक्टरचा नोंदणी क्रमांक विचारा, त्यात लाज कसली?

आणि गटाच्या बैठकीत एखादी बाई दोनदा आली नाही, तर दंड लावायच्या आधी तिच्या घरी जाऊन या. मालिकेतला खुनी पकडायला पोलीस अधिकारी असते. आपल्या गावातली बाई हरवली तर पहिली चौकशी शेजारणीनेच करायची असते.